पन्नास वर्षं मागे ढकललेली सून

कापूस फुटला आहे. धुळं सोडून साक्रीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंची शेतं पांढरी दिसतात आणि गाडीच्या काचेवर बारीक तंतू येऊन चिकटतात. दसरा झाला की मी जळगावचं घर आवरते, फ्रीज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवते, पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या टाकते आणि तुमच्या आजोबांच्या गावी येऊन राहते. ते गेल्यावरही हा क्रम मी मोडलेला नाही. शेत आता वाट्याने दिलेलं आहे, मला इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. पण या दिवसांतला एक वास मला दरवर्षी हवा असतो. उन्हात तापलेल्या कापसाचा वास. कोरडा, थोडा धुळीचा, आत कुठेतरी सरकीचं तेल असलेला. सई, तू लहान असताना त्याला 'नव्या उशीचा वास' म्हणाली होतीस.

यंदा तो वास आला आणि माझं तोंड कडू झालं.

मागच्या रविवारी तुमचा फोन आला होता. तिकडे तुम्ही सगळ्यांनी मिळून एक मराठी सिनेमा पाहिला होता. आपल्या गावात चित्रीकरण झालेला, म्हणून मुद्दाम. सई म्हणाली की तिला फार रडू आलं, आणि बरं झालं तो काळ संपला. मग ओमने फोन घेतला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "आजी, तुझ्यासाठी किती पोती दिली होती?"

त्या सिनेमात एक सासरा ज्वारीची पोती देऊन मुलासाठी बायको आणतो. पडद्यावर साल येतं, ते मी या घरात सून म्हणून आले त्याच्या आसपासचं. गाव आपलं, हंगाम कापसाचा. ओमने दोन आणि दोन चार केले, त्यात त्याची काही चूक नाही. मी त्याला म्हटलं, नीट लिहून कळवते. तेव्हा हे त्याचं उत्तर. बाबाला वाचून दाखवायला सांगा, आणि अहिराणी बोलणं आलं की त्याला थांबवून अर्थ विचारा. तो विसरला असेल तर त्याला लाज वाटू द्या.

माझ्यासाठी कुणी पोती दिली नाहीत. उलट माझ्या वडिलांना द्यावं लागलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वडील जळगावला शाळेत शिक्षक, आणि तरीही मुलाकडच्यांनी भांडी, घड्याळ, सायकल अशी एकेक गोष्ट हळूहळू बोलण्यातून बाहेर काढली. वडिलांनी सगळं मान्य केलं. तुमचे आजोबा त्या सायकलवर बसायचे नाहीत, धुळ्याला कॉलेजात शिकवायला बसने जायचे. तो त्यांचा निषेध होता, पण तो त्यांनी आपल्या वडिलांना कधी तोंडाने सांगितला नाही. त्या काळाची घाण ही अशी होती. ती मी लपवत नाही. मुलीच्या बापाने पायताणं झिजवायची आणि मुलाच्या बापाने ओट्यावर बसून पान चघळायचं.

त्या पहिल्या हंगामातलं मला सगळं लख्ख आठवतं. मधल्या खोलीत कापूस भरला होता, छतापर्यंत. दार उघडलं की पांढरी भिंत. पोरं त्यात उड्या मारायची आणि शिंकत बाहेर यायची, केसांत सरकी अडकलेली. मला शहरातली म्हणून वेचायला नेत नव्हते, मी हट्टाने गेले. कमरेला ओटी बांधली, पदराच्या कापडाची झोळी असते ती, आणि बोंडात बोटं घातली. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं नखाशी टोचतात. दुपारपर्यंत माझी बोटं रक्ताळली. सासूबाईंनी रात्री हळदीचं तेल लावून दिलं आणि म्हणाल्या, इंग्रजी बोटं शेतस, शिकतीन, म्हणजे बोटं इंग्रजी आहेत, शिकतील. त्या प्रेमाने म्हणाल्या की टोमणा मारला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि त्या हंगामात गावात मुली होत्या. हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटेल. पण सगळं याच्यावरच अडून आहे, म्हणून सावकाश वाचा. भुलाबाईचे दिवस कापसाच्या पहिल्या फुटण्याबरोबर येतात. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या मुली घोळक्याने निघायच्या, टिपऱ्या घेऊन, घराघरांत गाणी म्हणायला. शेवटी खाऊ काय केलाय ते ओळखायचं. डबा वाजवून दाखवायचा, वास घेऊ द्यायचा नाही. एका घोळक्याचं गाणं संपायच्या आत दुसरा दारात उभा. सासूबाई वैतागायच्या, कितल्या व माय ह्या पोरी, म्हणायच्या, आणि पुन्हा खोबरं किसायला बसायच्या. ज्याच्या घरात लग्नाचा मुलगा असे त्याच्या ओट्यावर सकाळपासून पाहुणे. गावात कुणाचं लग्न मुलगी मिळत नाही म्हणून अडलेलं मी पाहिलं नाही. हुंड्यापायी अडलेली लग्नं पाहिली. त्या मुलींची तोंडं मला आठवतात.

आता सिनेमा. त्यात नायकाचा बाप पहिल्याच दृश्यात बोलतो की गावात मुलीच उरल्या नाहीत, आणावी लागेल कुठून तरी. त्या सालात. त्या गल्लीत. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

मुली कमी झाल्या, पण पुढे. पोटातलं दाखवणारं यंत्र तालुक्याला आलं त्यानंतर. आधी कुजबुजत, मग उघड, मग कायदा झाल्यावर पुन्हा कुजबुजत. ज्या घरांनी ते केलं त्यांचे मुलगे आता तिशी ओलांडून बसले आहेत. शेती आहे, घराला फरशी आहे, दारात ट्रॅक्टर आहे, आणि मुलगी मिळत नाही. ज्या थोड्या मुली आहेत त्या शिकल्या आणि शेतकरी नवरा नको म्हणाल्या, त्याही बरोबरच. म्हणून आता लांबून बायका आणतात, मध्यस्थाच्या हातून. हे आजचं आहे. ज्या कारणाने ते घडतं ते कारणच माझ्या तरुणपणी जन्माला आलं नव्हतं.

जुन्या काळावरच्या सिनेमात चुका शोधायला आपल्या सगळ्यांना आवडतं. विजेची तार दिसली, नायिकेच्या हाताला आजची मेंदी दिसली, की आपण हुशार. मीही त्यातलीच. या सिनेमात वेचणाऱ्या बाईच्या नाकात पुणेरी नथ आहे, तरण्या सुनांना नऊवारी नेसवली आहे, मी तर लग्नातसुद्धा गोल साडीच नेसले होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'शे', अहिराणीतलं 'आहे', लावलेलं आहे, भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं. झाडं आजच्या संकरित बियाण्याची, बुटकी आणि बोंडांनी लगडलेली, आणि एका ठिकाणी ठिबकची काळी नळीही दिसते. यावर मी हसले असते आणि विसरले असते. पण एखादी गोष्ट त्या काळात घडू शकत होती का, हा प्रश्न नथीपेक्षा मोठा आहे. साड्या, कंदील, रेडिओ सगळं भाड्याने मिळतं. कारण भाड्याने मिळत नाही.

आणि हे त्या दिग्दर्शकाला माहीत होतं. म्हणून तर मला किळस येते.

मागच्या कापसाच्या हंगामात तो गावात होता. पुण्याचा, तिशीतला, बोलायला फार गोड. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर तो रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर चहाला येऊ लागला. त्याने कुठल्याशा पुस्तकात 'देज' हा शब्द वाचला होता, आणि तो त्याला खजिना सापडल्यासारखा झाला होता. देज म्हणजे मुलीच्या बापाला मुलाकडून दिलेलं. ते खरं आहे, तुमच्या आजोबांच्या आजीच्या लग्नात ते दिलं होतं. पण माझ्या लग्नापर्यंत उलटा प्रकार सुरू होऊन पिढी लोटली होती. शिवाय देज चारचौघांत दिलं जायचं, दोन्हीकडचे भाऊबंद समोरासमोर बसून. मुलीच्या माहेरच्यांना तिच्या सासरचं दार ठाऊक असायचं. ती आजी दर आखाजीच्या सणाला माहेरी जायची आणि भांडून जास्त दिवस राहायची, असं सासूबाई सांगायच्या. मी हे सगळं त्याला क्रमाने समजावलं. त्याने मान डोलावली, फोनवर काही टिपून घेतलं.

त्याला गोष्ट मात्र पुस्तकातून मिळाली नव्हती. ती त्याला झुनूने सांगितली होती.

झुनू आपल्या शेजारच्या शेतातली. आबा आणि सुमनबाई यांची सून, दिलीपची बायको. ती ओडिशातली. सासरी तिचं नाव ज्योती ठेवलं आहे, पण एकदा मी तिला आईने काय नाव ठेवलं होतं ते विचारलं, तेव्हापासून मी तिला झुनू म्हणते, आणि ती मला अक्का. मध्यस्थाने तिच्या आईला सांगितलं होतं की मुलाचा कापसाचा कारखाना आहे. भुसावळला गाडीतून उतरल्यावर देवळात लग्न लागलं. दिलीप वाईट माणूस नाही, दारू पीत नाही, तिला मारत नाही. एवढं सांगितलं की इथे लोकांना वाटतं झालं की मग. पण ती आल्यापासून एकदाही माहेरी गेलेली नाही. गेली तर परत येणार नाही, अशी घराला भीती. पैसे गेले, सूनही जाईल. तिची मुलगी गुड्डी आता बालवाडीत जाते. त्या पोरीला घेऊन एकदा आईला दाखवून यायचं, एवढी झुनूची इच्छा आहे. दुसरं काही ती मागत नाही.

गावात अशा सुनांसाठी एक शब्द तयार झाला आहे. नेहमीच्या सुनेला वहू म्हणतात. झुनूला म्हणतात 'आणेल', म्हणजे आणलेली. कोण आलं होतं विचारलं तर, आबानी आणेल ऊनथी. बाजारातून आणलेल्या वस्तूलाही हाच शब्द. हा शब्द माझ्या तरुणपणी माणसाला लावलेला मी ऐकला नाही, आणि मी शब्दांच्या बाबतीत कान उघडे ठेवून जगलेली बाई आहे.

शूटिंगवाल्यांनी वेचणीच्या दृश्यासाठी गावातल्या बायका घेतल्या होत्या, त्यात झुनू होती. मधल्या सुट्टीत तिने त्या मुलाला आपलं सगळं सांगितलं, आपल्या ओडिया वळणाच्या अहिराणीत. तिला वाटलं, सिनेमा लांबपर्यंत जातो. आपल्या माहेरच्या गावाचं नाव त्यात आलं, घरच्यांनी आपल्याला अडवलंय हे लोकांनी पाहिलं, तर लाजेकाजेने का होईना एकदा पाठवतील. तिने त्याला तिच्या गावाचं नाव दोनदा म्हणून दाखवलं. त्याने ते लिहून घेतलं.

पुढे त्याने जुना काळ घेतल्याचं मला कळलं तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, का. तो म्हणाला की आजचं दाखवलं तर गाव शूटिंगच करू देणार नाही, सरपंच पहिले उठून जातील. आणि पैसे लावणाऱ्यांनाही ते नको आहे. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "काकू, गोष्ट जुन्या काळात नेली, पीरियड केली की कुणाला लागत नाही. बघणारा मोकळा होतो."

मी विचारलं, "कशातून?"

तो हसला. त्याला वाटलं मी कौतुकाने विचारतेय. त्याने माझ्या पाया पडून निरोप घेतला. त्या पाया पडण्याची आठवण आली की मला अजून पाय धुवावेसे वाटतात.

यंदा आखाजी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तेव्हा त्यांनी सिनेमा गावाला दाखवला. तुम्हाला अक्षय्य तृतीया म्हणून ठाऊक असेल, पण खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचं माहेरपण. वैशाखाचं ऊन, शेतं नांगरून उघडी पडलेली, काळी, एक हिरवं पान नाही, आणि गावातल्या झाडांना झोके. सासरहून आलेल्या लेकी त्या झोक्यांवर बसून गातात आणि सासरच्यांची यथेच्छ टवाळी करतात. शाळेच्या पटांगणात पडदा बांधला होता. पुढे पोरं, मागे बाया, त्यात माहेरपणाला आलेल्या साऱ्या लेकी नव्या साड्यांत, कडेला खुर्च्यांवर पुरुष. जमीन अजून दिवसाच्या उन्हाने गरम होती. मी मुद्दाम जळगावहून आले होते, सुमनबाईंच्या शेजारी बसले होते. झुनू आमच्या पुढे, गुड्डी तिच्या मांडीवर झोपलेली.

लोकांना सिनेमा आवडत होता. आपला पार, आपली विहीर, आपली म्हैस पडद्यावर पाहून टाळ्या पडत होत्या. मग ते मोठं दृश्य आलं. आखाजीचा दिवस. गावच्या लेकी झोक्यावर, आणि ती विकत आणलेली सून एकटी शेताच्या बांधावर उभी राहून माहेरासाठी रडतेय. मागे दूरवर पसरलेला, टच्च फुटलेला कापूस. चित्र सुंदर होतं.

पहिल्यांदा एक बाई हसली. मग सगळं पटांगण. खुर्चीवरून आबा मोठ्याने म्हणाले, "आखाजीले कापूस फुटी ऱ्हायना? कोनती कंपनीनं बियानं शे भाऊ, माले बी सांग."

मग कुणाला थांबवता येईना. वैशाखात बोंडं, मग पोळ्याला आंबे खाऊ, दिवाळीला कापूस पेरू. लेकी तोंडाला पदर लावून हसत होत्या. कार्तिकात शूटिंग केलं, त्यांना तेव्हा कापूस मिळाला, आखाजी त्यांनी कागदावरून घेतली. शेतीतल्या माणसाला हे एका क्षणात दिसतं. सहा महिन्यांची चूक आमच्या गावाने पडद्यावर दिसता क्षणी पकडली.

पन्नास वर्षांची चूक कुणीही पकडली नाही.

मी वाट पाहत होते. तिथे माझ्या वयाची माणसं बसली होती, त्यांच्या आयाबहिणींनी त्याच गल्लीत भुलाबाईची गाणी म्हटली होती. गावात मुलीच नव्हत्या, हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. उलट माना हलल्या. पूर्वी असंच होतं, हो. माझ्या पाठीमागे एकजण आपल्या मुलाला सांगत होता की जुन्या काळी लोक फार अडाणी होते. त्या माणसाच्या धाकट्या भावाची बायको छत्तीसगडहून आणलेली आहे. तीही तिथेच बसली होती.

एखाद्याने आपल्या घरातला उकिरडा रात्रीत उचलून म्हातारीच्या दारात आणून टाकावा आणि सकाळी सगळ्यांनी नाकाला पदर लावून म्हणावं, बघा ही जुनी माणसं कशी राहायची, तसं मला वाटलं. आणि टाकणारा एकटा नव्हता. सगळं गाव हातभार लावत होतं, खुशीने, हसत, रडत.

रडत होते, हेही सांगायला हवं. शेवटी ती सून नदीत जीव देते. सुमनबाई हुंदके देत होत्या. डोळ्यांना पदर लावून मला म्हणाल्या, "काय दिन काढात व अक्का त्या बायास्नी." मग पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की ही प्रथा आता इतिहासजमा झाली आहे. टाळ्या झाल्या. सुमनबाईंनी नाक पुसलं, पुढे वाकून झुनूच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, "ज्योती, ऊठ व. पाव्हना येतीन, चहा ठेव."

त्यांच्या आवाजात काही दुष्टपणा नव्हता. तसा असता तर मला सोसलं असतं.

झुनू माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली, गुड्डीला खांद्यावर टाकून. पडद्यावरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत, म्हणून तिला सगळं कळलं नव्हतं. तिने विचारलं की ती बाई कपडे असे का घालत होती, मोटारसायकल का नव्हती, आणि आपल्या माहेरच्या गावाचं नाव कधी येणार होतं, ते तर आलंच नाही. मी तिला सांगितलं की गोष्ट जुन्या काळातली केली आहे. कितला जुना, तिने विचारलं. मी म्हटलं, ती बाई आज असती तर माझ्या वयाची असती.

झुनूने गुड्डीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मंग ते मनं नई. मनं व्हतं ते त्यासनी तुमले दी टाकं."

माझं होतं ते त्यांनी तुम्हाला देऊन टाकलं. ओम, तू मला पोत्यांचं विचारलंस तेव्हा हेच वाक्य माझ्या कानात वाजलं. तिचं घेऊन मला दिलं, आणि ते समुद्रापलीकडे तुझ्यापर्यंत पोचलंसुद्धा. तू ते माझ्या नावावर बरोबर लावून घेतलंस. त्या पोरीकडे तेवढी एकच गोष्ट होती जी तिची स्वतःची होती, स्वतःचं दुःख, आणि तेही तिच्याकडे उरू दिलं नाही.

तुम्ही म्हणाल की आजी, सिनेमा तो, त्यात थोडंफार इकडचं तिकडे व्हायचंच. मलाही कळतं ते. मी आयुष्यभर कथा-कादंबऱ्या शिकवल्या. खोटी माणसं, खोटी गावं, खोटे राजे, मला त्यांचं काही वाटत नाही. लेखकाने काळ कुठलाही घ्यावा. पण तो काळ का घेतला हे गोष्टीतून दिसतं, आणि भित्रेपणाने घेतला असेल तर गोष्ट कितीही रडवो, ती आतून पोकळ वाजते. तुमच्यापैकी कुणालाही ती पोकळ वाजली नाही. सईला तर सुटल्यासारखं वाटलं. त्या मुलाने बरोबर सांगितलं होतं, बघणारा मोकळा होतो.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, बोंडअळीची भीती होती ती फवारण्या करून निभावली. भुलाबाईला यंदा आपल्या गल्लीत एकच घोळका आला, चार घरच्या मिळून, आणि त्यात दोन मुलगे होते, गाणी पाठ असलेले. गुड्डी त्यांच्यामागे धावत होती. मी डब्यात शेंगदाण्याचे लाडू ठेवले होते, तिने पहिल्या फटक्यात ओळखलं, कारण सकाळी तिने मला ते वळताना पाहिलं होतं. सगळ्यांनी तिला लबाड ठरवलं. तेवढी एक संध्याकाळ बरी गेली.

आणि काल वेचणीत जे झालं ते आता लिहिते. मी आबांच्या शेतात जाऊन बसले होते, बांधावर, चटई टाकून. ऊन कोवळं होतं. बायका आपापल्या ओळी धरून पुढे सरकत होत्या, ओट्या फुगलेल्या, लांबून पाहिलं तर साऱ्याच गरोदर वाटाव्यात तशा. सिनेमाच्या गप्पा चालल्या होत्या, कारण आता तो सगळ्यांच्या फोनवर आलाय. कुणी तरी त्यातल्या सासूला शिव्या घालत होतं, की बाई कसली, कसाई होती, सुनेला आखाजीला सोडलं नाही. सुमनबाईही त्यात सामील होत्या. असल्या सासूला तर चौकात उभी केली पाहिजे, म्हणाल्या.

झुनू त्यांच्या शेजारच्या ओळीत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "आत्याबाई, मंग दिवाळीले मी मना माहेर जाऊ का? गुड्डीले लई जास. पंधरा दिनमा परत येस."

सगळ्या ओळीतले हात थांबले. कापूस वेचताना एक बारीक आवाज येत असतो, वाळलेल्या बोंडांचा, तो बंद झाला की कळतं की तो होता. तिने ते सगळ्यांसमोर विचारलं होतं, मुद्दाम. नुकत्याच दिलेल्या शिव्या अजून हवेत होत्या.

सुमनबाई हसल्या. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "जाय ना. कोन अडावस तुले? ते जुनं व्हतं बठ्ठं." मग एक बोंड सोललं, कापूस ओटीत टाकला आणि म्हणाल्या, "पन पोर आठेच ऱ्हाई."

पोर इथेच राहील. दिलीपच्या आईने ते इतक्या सहज सांगितलं, जसं आपण म्हणतो की छत्री ठेवून जा. आणि ओळीतल्या एकाही बाईने वर पाहिलं नाही. एकीने गाणं काढलं. हात पुन्हा चालू लागले. मी बांधावरून बोलले. म्हटलं, सुमनबाई, हे काय बोलणं झालं. त्या म्हणाल्या, अक्का, तुम्ही शिकेल बाया, तुमले घरनं काय समजस. मी म्हटलं, मी झुनूबरोबर जाते, गाडीत तिच्या शेजारी बसते, पोरीसकट परत आणते, माझा शब्द. आबांनी लांबून सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, नंतर पाहू, आधी वेचणी होऊ द्या. वेचणी फाल्गुनापर्यंत चालते. तोवर दिवाळी जाते, संक्रांत जाते, होळीही.

झुनू दिवाळीला जाणार नाही. पोर ठेवून ती जाणार नाही, हे त्या घराला ठाऊक आहे, म्हणूनच तर तसं सांगितलं. मी आबांना सोडणार नाही. रोज जाऊन बसेन त्यांच्या ओट्यावर. तालुक्याला कुणाला भेटायचं तेही पाहिलं आहे. पण आज जे आहे ते हे आहे, आणि तुम्हाला मी आजचंच, इथल्या बोलीत 'आतेनं', लिहायला बसले आहे.

संध्याकाळी गाठोडी बांधून बायका परत निघाल्या तेव्हा ती माझ्याशेजारून चालत होती. मी तिला सांगितलं की नातवंडांनी तो सिनेमा पाहिला, त्यांना वाटतं ती गोष्ट माझी आहे, त्यांना पत्र लिहितेय. तिने डोक्यावरचं गाठोडं एका हाताने सावरलं.

"त्यासले लिखा अक्का," ती म्हणाली, "मी जुनी नई शे. मी आतेनी शे."